वाढत्या अंगाची मोटारसायकल

एक होता शिंपी, एक होती त्याची बायको, आणि एक होता त्यांचा रुसलेला मुलगा... अशी छान सुरुवात करावी म्हटलं, तर बाहेर हा फटफटाट! ऐकताय ना? फळीवरची भांडी थरथरतात हो माझी! शिंपी म्हणजे आमचे हे, बायको म्हणजे मी, आणि बाहेर जी डरकाळ्या फोडतेय ती यांनी म्हातारपणी घेतलेली मोटारसायकल. वापरलेली. पण साधीसुधी म्हणता? म्हशीएवढी रुंद, शिंगांसारखं हँडल, उभी असली तरी आता पळेल की काय असं वाटतं!

तुम्हाला सांगते, मुलगा शिलाई न शिकता नोकरीला लागला, वेगळा राहायला गेला, यांनी दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून बापलेकांचा अबोला. जे काय बोलणं ते माझ्यामार्फत! फोनवर तो म्हणणार, "बाबांना सांग, डोळे तपासून घ्या." हे माझ्या शेजारीच बसून म्हणणार, "त्याला सांग, मला सगळं दिसतंय." आणि मी मधे, निरोप्या!

काय दिवस होते हो दुकानाचे... मशीनची खडखड, खडूची पांढरी बोटं, खाली चिंध्यांचा ढीग आणि त्यात झोपलेलं आमचं पोर. एक धिप्पाड गिऱ्हाईक अश्शाच गाडीवरून कोट शिवायला यायचं. ते आत कोट घालून बघतंय, तोवर हे पोराला उचलून गाडीवर बसवायचे. पाय लोंबकळताहेत, शर्टाच्या बाह्या बोटांच्याही खाली... कारण पोराचे कपडे हे नेहमी मोठेच शिवायचे! मी ओरडले की ठरलेलं उत्तर, "असू दे गं, वाढत्या अंगाचा आहे!"

तर परवा-परवापर्यंत खिडकीत मुकाट बसणारा हा माणूस एका सकाळी मला म्हणतो, "चल, गॅरेजात जाऊ." गॅरेजवाला तोंडाचा पट्टा सोडून बसलेला. "आजी, रांगडी गाडी आहे! वारा मागे पडतो!" म्हटलं, वारा मागे पडेल रे, पण हे पुढे पडतील! यांनी दुकान बंद झालं तरी गळ्यातच असलेली टेप काढली, सीटची उंची मापली, मग स्वतःचा पाय मापला. गॅरेजवाला हळूच म्हणाला, "काका, तुमचे पाय टेकत नाहीत." आणि हे काय म्हणावेत? "असू दे, वाढत्या अंगाची आहे!"

आता सांगा, या वयात अंग वाढतं का? आटतं हो, आटतं!

चालवत आणली मात्र ऐटीत. दारात थांबले, पाय खाली सोडला... पाय जमीन शोधतोय, जमीन काही सापडेना, आणि गाडी सावकाश, अगदी मानानं, आडवी! अख्खी गल्ली धावली. हे गाडीखालून विचारतात, "पॅन्ट कुठं उसवली का गं?"

मी मुलाला फोन लावला. तो कडाडला, "बाबांना सांग, आत्ताच्या आत्ता परत करा!"

हे म्हणाले, "त्याला सांग, स्वतः ये आणि घेऊन जा."

आणि आला हो तो! किती वर्षांनी दारात पाऊल... पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तडक गाडीवर बसला. दोन्ही पाय जमिनीवर, टाचांसकट! यांनी एक डोळा मिटला, गिऱ्हाइकाला कोट घालून उभं केल्यावर बघतात ना, तसं मान तिरकी करून बघितलं, आणि म्हणाले, "खांदे सैल सोड. अवघडून बसू नकोस."

मी तोंड उघडलं, सवयीनं! "बाबा म्हणताहेत..." तेवढ्यात तो म्हणाला, "क्लच फार कडक आहे, बाबा."

थेट! मला वगळून!

म्हटलं, आता हलवा ती गाडी दारातून. हे म्हणाले, "मी मागे बसतो, गॅरेज दाखवतो." गॅरेज कोपऱ्यावर! गेले, ते पार दिवस कलल्यावर परतले, गाडीसकट, धुळीनं माखलेले, आणि दोघंही एकदमच बोलत होते. मी विचारलं, "परत करायची होती ना?" तर मुलगाच सांगतो, "असू दे गं आई, वाढत्या अंगाची आहे!"

आता दर सुट्टीला येतो. दोघं इंजिनात डोकी घालून बसतात, जन्माचं साचलेलं बोलून घेतात. डोळे भरून येतात माझे, खोटं कशाला सांगू? देवानं घर भरलं. आत्तासुद्धा मी चहा घेऊन गेले, म्हटलं, "अरे, जरा माझं ऐका..." तर बापलेक एका सुरात,

"थांब गं, मधे नको, आम्ही बोलतोय!"