बारावं रीळ

बाबा : बाविसावा? बाविसातला बाविसावा?

लेक : हो बाबा. आणि हळू बोला, आई आत झोपलीय.

बाबा : हळू कसला बोलतोय! टोपीवाल्या हिरोने अख्ख्या जन्मात बावीस पिच्चर केले, आणि त्यात आपला टेकडीचा पिच्चर तळाला? कुणी केलीय ही यादी? डोक्यावर पडलाय का तो?

लेक : मीच केलीय. उद्या सकाळी साप्ताहिकात छापायला द्यायचीय. पण नंबर माझ्या मनाचे नाहीत. जगभरातल्या प्रेक्षकांनी दिलेले गुण गोळा केले आणि वरून खाली लावले, बस्स.

बाबा : मग पहिला कोण?

लेक : तुरुंगाचा.

बाबा : तुरुंगाचा! अगं, तो आमच्या थेटरातून चौथ्या दिवशी उतरला. शेवटच्या शोला मी, डोअरकीपर आणि एक मांजर. मांजरसुद्धा मध्यंतरात उठून गेलं. आणि टेकडीचा? एकतीस आठवडे! सलग! ह्या हातांनी चालवलाय मी. ऑपरेटर मी होतो की तुझे ते जगभरातले दीडशहाणे?

लेक : म्हणून तर मी चक्रावले. लहानपणापासून ऐकतेय, एकतीस आठवडे, एकतीस आठवडे. म्हटलं, बघू तरी समीक्षक काय म्हणतात.

बाबा : ते काय म्हणणार? तेविसावा?

लेक : पहिला.

बाबा : आं?

लेक : समीक्षकांच्या यादीत टेकडीचा पिच्चर पहिला. दुसऱ्या नंबरचा जवळपासही नाही.

बाबा : बघ! शिकलेल्या माणसाला कळतं. तेच छाप. ती दुसरी यादी टाक केराच्या टोपलीत.

लेक : थांबा ना, खरी गंमत पुढे आहे. जाणकार पहिला नंबर देतात आणि लोक शेवटचा, पण दोघांचं कारण एकच. हे ऐका, हा जाणकार : 'शेवटची अकरा मिनिटं काळीज चिरत जातात. इतका निर्दय आणि इतका खरा शेवट क्वचितच पाहायला मिळतो.' आणि हा साधा माणूस : 'पोराबाळांना घेऊन गेलो होतो. असला शेवट करणाऱ्याचं वाटोळं होवो.' बाबा, कुठला शेवट? पोरगं टेकडीवरून धावत येतं, आई दार उघडते, पिच्चर संपला. तुम्ही मला शंभर वेळा सांगितलंय. बाबा?

बाबा : पाणी दे जरा.

लेक : घ्या. आणि बोला.

बाबा : काय बोलू? छापण्यात घोळ झाला असेल कुणाचातरी.

लेक : मलाही तेच वाटलं. म्हणून आज दुपारी ऑफिसात बसून अख्खा पिच्चर बघितला.

बाबा : कुठून आणलास?

लेक : रविवारच्या कार्यक्रमासाठी प्रत आलीय ना, तीच. बाबा, ते पोरगं दारापर्यंत पोहोचतच नाही हो! धुळीत काहीतरी हललं म्हणून टोपीवाला गोळी झाडतो. स्वतःच्या पोरावर! आणि मग ती आई त्याला मांडीवर घेऊन नुसती बसते. एक शब्द नाही, गाणं नाही, काही नाही. मी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. आणि रडता रडता डोक्यात एकच, की हे आपल्या गावातल्या कुणालाच कसं माहीत नाही?

बाबा : रविवारी किती लोकांना बोलावलंयस?

लेक : विषय बदलू नका.

बाबा : विषय तोच आहे गं बाई! किती?

लेक : दोनशे. वाचनालयाचा हॉल भरलाय. आधी तुमचा सत्कार, मग पिच्चर, मशीनवर तुम्हीच.

बाबा : रद्द कर.

लेक : काय?

बाबा : रद्द कर म्हणतोय. बाबा आजारी पडले सांग. मेले म्हणून सांग, माझी ना नाही.

लेक : असं काय अभद्र बोलता! तुम्ही केलंय ना काहीतरी? काय केलंत तुम्ही त्या पिच्चरचं?

बाबा : बारा रिळांचा होता. मी अकरा चालवली.

लेक : देवा!

बाबा : अकराव्या रिळाच्या शेवटी पोरगं उतारावरून सुटतं आणि आई दार उघडते. दार पुरतं उघडलं की मी मशीनचा दिवा बंद करायचो, पडदा ओढायचो, हॉलचे दिवे लावायचो. बारावं रीळ डब्यात. एकतीस आठवड्यांनी पेट्या वितरकाकडे परत गेल्या तेव्हा अकरा रिळं ओरखड्यांनी भरलेली आणि बारावं नवंकोरं. मी आठ दिवस धसका घेऊन बसलो होतो, आता विचारतील, मग विचारतील. कुणी विचारलंच नाही.

लेक : अहो बाबा! म्हणजे ज्या पिच्चरवर हे गाव वेडं झालं, तो पिच्चर तुमचाच? टोपीवाल्याचा नाहीच? आणि मी यादीच्या प्रस्तावनेत लिहिलंय की आमच्या गावाची रसिकता जगावेगळी! पण हे का केलंत? मालकाने सांगितलं होतं?

बाबा : मालकाला पत्ताच नव्हता. त्याला शनिवारी फक्त एवढंच दिसलं, की काल मोजके लोक आले ते मढ्यावरून आल्यासारखे बाहेर पडले आणि आज शिट्ट्या मारत. मला म्हणाला, काल काय चुकलं होतं ठाऊक नाही, पण आज चाललंय तसंच चालू दे.

लेक : मग का केलंत?

बाबा : तुझ्या आईसाठी.

लेक : आईचा काय संबंध?

बाबा : तुझा दादा जाऊन वर्ष झालं होतं. चार वर्षांचं पोर, चार दिवसांच्या तापात गेलं. तू पोटात होतीस, सातवा महिना. आणि ही बोलत नव्हती. वाढलं तर खायची, नाहीतर तशीच बसायची. डॉक्टर म्हणाले, हिला घराबाहेर काढा, काहीही दाखवा. मी शुक्रवारीच तिला सांगून बसलो, उद्या टोपीवाल्याचा नवा पिच्चर बघायला चल. आणि त्याच दुपारी पहिल्या शोला ते बारावं रीळ बघितलं.  त्यातून त्या पोराचे केस तुझ्या दादासारखे, कपाळावर आलेले. आता बायकोला नको येऊस म्हणू, तर वर्षभरात पहिल्यांदा ती हो म्हणाली होती. काय करणार होतो मी?

लेक : एका शोपुरतं करायचं होतं.

बाबा : एका शोपुरतंच केलं होतं! पण ती रविवारी म्हणाली, परत जाऊ. पुढच्या शनिवारीही म्हणाली. तुझ्या जन्माचे दोन आठवडे सोडले तर एक शनिवार चुकवला नाही तिने. आता सांग, रीळ जोडू कधी? दोनशे लोकांच्या शिव्या मी खाईन, पायातलं काढलं तरी खाईन. पण रविवारी ती पहिल्या रांगेत बसणारेय. चष्मा पुसून ठेवलाय तिने. एवढ्या वर्षांनी त्या पोराला तिच्या डोळ्यांदेखत मारू? तूच सांग.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

आई : तिला कशाला विचारता? मला विचारा.

बाबा : अगं... तू झोपली होतीस ना?

आई : तुमचा आवाज म्हणजे थेटरची घंटा. झोपेल कोण?

लेक : आई, तू बस आधी. तू काय काय ऐकलंस?

आई : बाविसाव्या नंबरापासून. आणि पिच्चरबद्दल मला नवीन असं काही नव्हतं त्यात. मी बघितलाय तो पिच्चर. बारा रिळांचा.

बाबा : कधी?

आई : शुक्रवारी. तुमच्याच पहिल्या शोला. जेवणाचा डबा विसरून गेला होतात. मी घेऊन आले, तर डोअरकीपर म्हणाला, वहिनी, आलाच आहात तर मागे बसा घडीभर. बसले. उठताच येईना. शेवटपर्यंत बसले.

बाबा : तू... तो डबा तू आणला होतास? मी समजलो शेजाऱ्यांनी...

आई : एवढी वर्षं शेजाऱ्यांना पुण्य देऊन बसलात.

लेक : म्हणजे ते पोर मेलेलं तू बघितलंस? आणि तरी शनिवारी गेलीस?

आई : गेले. संतापाने गेले. म्हटलं, ह्या माणसाने स्वतः तो पिच्चर चालवलाय आणि वर बायकोला म्हणतो चल बघायला! माणूस आहे का दगड? आज काय ते तोंडावर बोलून टाकायचं आणि निघून जायचं, असं ठरवूनच बसले होते. पोर धावत सुटलं तशी मी डोळे मिटून घेतले. आणि काहीच झालं नाही. डोळे उघडले तर दिवे लागलेले. लोक हसत उठत होते. मी मान वळवून तुमच्या खिडकीकडे बघितलं. तुम्ही दिसला नाहीत.

बाबा : खाली बसलो होतो. मशीनला टेकून. रडत होतो गं.

आई : वाटलंच मला. घरी आल्यावर मी जेवायला मागितलं, आठवतं?

बाबा : तू भात मागितलास. मी कसं विसरेन?

लेक : आई, सगळं माहीत होतं तर एकतीस आठवडे कशाला जात होतीस तू?

आई : वर्षभर रोज माझ्या डोळ्यांसमोर एक पोर जात होतं. तिथे आठवड्यातून एकदा घरी येत होतं. आणि ते कोण आणतंय हे मला माहीत होतं.

बाबा : बोलली का नाहीस कधी?

आई : बोलले असते तर तुम्ही रीळ जोडलं असतं. तुम्ही सरळ माणूस. चोरी पकडली गेली की लगेच कबूल.

लेक : मग मी काय करू? रविवार रद्द करू?

आई : काही रद्द नको. पूर्ण दाखव. यांना म्हणावं, सत्काराच्या वेळी लोकांना खरं काय ते सांगून टाका. आणि मशीनवर दुसरं कुणीतरी ठेव.

बाबा : मशीनवर मी नाही? मग मी कुठे जाऊ?

आई : एवढ्या वर्षांत एक पिच्चर आपण शेजारी बसून बघितलेला नाही. मी खाली, तुम्ही वर.

बाबा : मला नाही गं बघवणार ते रीळ.

आई : मला तरी कुठे बघवतंय? म्हणूनच शेजारी बसा म्हणतेय.