अंगणवाडीच्या काकडीचा भाव

चहा निवेपर्यंत सांगतो, कारण मला स्वतःलाच ते अजून नीट कळलेलं नाही.

कर्जतला अन्न समिती झाली. शेतकरी, अंगणवाडीच्या बाया आणि एक साहेब बसून ठरवणार, की वाशीहून येणारी शिळी भाजी बंद करून गावची ताजी भाजी पोरांच्या ताटात कशी जाईल. पळसदरी गावाकडून शेतकरी म्हणून मला घेतलं.

साहेबांनी विचारलं, "काका, अंगणवाडीला काकडी काय भावाने द्याल?"

मी गप्प. शेजारचे चौघेही गप्प. पोरांच्या तोंडच्या घासाला भाव कोण लावणार? आमच्यात तसं बोलत नाहीत.

साहेबांनी लिहून घेतलं, "गावात माल नाही. वाशीचीच भाजी चालू ठेवावी."

मी घाबरून म्हणालो, "माल हाय साहेब. तशीच देतो की."

"फुकट घेता येत नाही. नियम आहे. भाव सांगा."

मी कसाबसा बाजाराच्या निम्मा भाव सांगितला.

"इतका स्वस्त? काकडी कडू आहे का?"

तेवढ्यात ठाकरवाडीच्या अंगणवाडीतली हिराबाई उठली. तिने मी नमुन्याला आणलेल्या पिशवीतली काकडी मोडून अर्धी साहेबांच्या हातात दिली.

"आधी खावा, मंग लिवा. आमच्या दादाला बोलता येत नाय."

साहेबांनी खाल्ली. आधी लिहिलेलं खोडून गावची भाजी मंजूर केली आणि हिराबाईच्या हातात उरलेल्या अर्ध्या काकडीकडे बघत बसले. मी तीही घेऊन त्यांच्यापुढे केली. त्यांनी भाव विचारला नाही.

आता ही काकडी नियमात बसली का, हे मी कुणाला विचारू?