एका लॉगिनानं घात केला

...आन् वरून म्हणत्यात, भुजंग जळतो म्हणे! तुमीच सांगा, मी कशाला जळू त्या निकितावर? कालची पोरगी, मानवतची, आली आन् आमच्या हापिसात... जाऊ द्या. मी काय जळायलोय का?

तुमाला सांगतो, परभणीत आमचं सॉफ्टवेअरचं हापिस. माझा बा मेंढरं राखायचा, मी क्लस्टर राखतो. क्लस्टर म्हणजे कंप्युटरांचा कळपच की! आन् त्यात कंटेनर, म्हणजे एकेका प्रोग्रामचा बंद डबा. असे चार कळप, चारींचं लॉगिन येगळं, पासवर्ड येगळा, आन् समद्या किल्ल्या माझ्यापाशी! सकाळी पाय टाकला की सुरू... "भुजंगराव, लॉगिन होईना!" "भुजंगराव, पासवर्ड इसरलो वो!" खुद्द रामकिशन सायेब माझ्या टेबलापाशी हुबे ऱ्हायचे, हात बांधून! काय रुबाब होता राव!

आन् ही निकिता बारीक आवाजात सायबाला म्हणती कशी, "सर, माणूस एकच आहे तर ओळख चार ठिकाणी कशाला? एका जागी ओळख पटली की चारी क्लस्टरनी आत घ्यावं." सायेब असे खुश, जणू पोरीनं गोदावरीच हापिसात आणली! मला म्हणले, "भुजंगराव, हे तुम्हाला का नाही सुचलं?" मी काय जळायलोय का? पण भाकर गोड लागंना.

नवं लॉगिन चालू व्हायच्या दिवशी मी तयारच! म्हणलं, आता बोंब होती, आता पळत येत्यात... तर चिटपाखरू न्हाई! समदे आत, चहा प्यायलेत! तेवढ्यात सायबाची हाक, "भुजंगराव!" मी ताडकन उठलो... "जरा सरका, खिडकी लावायचीय."

मंग निकिता आली. "दादा, तुमचं नाव चार क्लस्टरमध्ये चार तऱ्हेचं आहे. भुजंग, भुजंगराव, भुजंग-नवा आणि भुजंग-खरा. यातले तुम्ही कोणते?" भर हापिसात! म्हणलं, "बाई, खराच!" तिनं टकटक केलं, आन् एका पासवर्डात चारी दारं खटकन उघडली की वो! लय झ्याक केलंय, तेच तर सलायलंय! मी काय जळायलोय... हां, जळायलोय थोडा!

नव्या माणसाचं लॉगिन करावं म्हणून बटन हुडकलं, तर बटनच गायब! "निकिता, हे काय?"

"दादा, सर म्हणाले, तुम्हाला फक्त बघायचा हक्क द्या."

मंग काय... बसलोय. बघायलोय.