दोन छपरांखालचं एक माप

मंडळी, आजच्या कीर्तनात आधी एक सोपा प्रश्न विचारतो. दोन माणसं भांडतायत. एक म्हणतो, मी खरं बोलतोय. दुसरा म्हणतो, मीच खरं बोलतोय. तर खोटा कोण? बोला की! — हां, मंडपाच्या खांबाजवळचे काका लगेच म्हणाले, "दोघांतला एक!" काका, कोर्टात होता काय नोकरीला? आणि समजा, दोघंही खरंच बोलत असले तर? आता का गप्प? मग ऐका!

आपल्या कोल्हापुरात दोन मिस्त्री. एक केरबा लोहार, एक दस्तगीर मुल्ला. दोघांचं मिळून एकच वर्कशॉप, काम मोटारीच्या इंजिनाचं. तुमच्या-माझ्या गाडीचं नव्हे हां! शर्यतीच्या गाड्यांचं. आता बायामाणसांना सांगतो, इंजिनाचं मोठं धूड असतं, त्याला म्हणतात ब्लॉक. त्याला गोल भोकं असतात, त्यात दट्ट्या वर-खाली पळतो. पळून पळून भोक झिजतं, कधी त्याला चीर जाते. मग काय करायचं? ते भोक मोठं कापायचं आणि आत लोखंडाची नवी नळी बसवायची. तिला म्हणतात स्लीव्ह. केरबा भोक कापणार, दस्तगीर स्लीव्ह बसवणार. दोघांचे हात असे जुळलेले, की एकानं हात पुढं केला की दुसऱ्यानं पाना ठेवलाच!

आणि माप किती बारीक म्हणता? डोक्याचा एक केस घ्या — तुमचा नको काका, तुम्हाला पुरायचे नाहीत! — त्या केसाएवढं माप चुकलं तरी काम गेलं! भोक सैल झालं तर स्लीव्ह भर शर्यतीत सरकते. घट्ट झालं तर ब्लॉकच तडकतो.

आता झालं काय, काम वाढलं, जागा पुरेना. दस्तगीर मागच्या खोलीत गेला. तिथं कौलं, वर फणसाची सावली, गारवा. केरबा पुढं राहिला पत्र्याखाली. मधे भिंत घातली. भांडण नाही, तंटा नाही! नुसती सोय.

लोखंडी ब्लॉक होते तोवर सगळं सुरळीत. मग आले अॅल्युमिनियमचे, हलके, जोरात पळणाऱ्या गाड्यांचे. आणि मापं जुळेनात! केरबा म्हणायचा बरोबर, दस्तगीर म्हणायचा घट्ट. उन्हाळ्यात तर रोज कटकट. लोक म्हणायचे, "उन्हानं दोघांचं डोकं तापतंय!" एकदा केरबाच्या भरवशावर दस्तगीरनं स्लीव्ह बसवली, आणि ब्लॉक तडकला. टक्कन!

झालं! चौकातल्या चहाच्या गाड्यावर, सगळ्यांच्या देखत, केरबा ओरडला, "ह्यो दस्तगीर खोटारडा हाय! माप बगतच न्हाई, ठोकून देतोय!" दस्तगीर काय ऐकून घेतोय? "खोटारडा तू! कापताना चुकतोस, आन् माज्यावर ढकलतोस!"

त्या दिवसापासून बोलणं बंद. वर्षांवर वर्षं गेली. ईदला शिरखुर्मा आला नाही, दिवाळीला फराळ गेला नाही. काम मात्र चालू! कसं? गिऱ्हाईक मधे उभं करायचं. "त्यास्नी सांगा, भोक कापलंय." पाच पावलांवर दस्तगीर ऐकतोय, तरी गिऱ्हाइकानं जाऊन सांगायचं, "कापलंय म्हणतात." हसताय? तुमच्या घरात नाही चालत हे? "बाळा, तुझ्या बाबांना सांग, जेवायला वाढलंय." आणि बाबा समोरच बसलेले!

तर ऐन वैशाखात आली मधुरा शिंत्रे. पोरगी शर्यतीत गाडी चालवते! तिच्या ब्लॉकला चार भोकं, एकाला चीर गेलेली, बाकीची झिजलेली. आणि ब्लॉक असा, की कंपनीनं तो करायचंच सोडलं. दुसरा कुठं मिळत नाही. हा गेला की तिची गाडी कायमची बंद.

केरबानं कापलं, गेज घालून, म्हणजे भोक मापायचं हत्यार घालून, मापलं. "फस्क्लास!" ती घेऊन गेली मागं. दस्तगीरनं मापलं, मान हलवली. "घट्ट हाय. बसवलं तर तडकणार." ती परत पुढं. केरबा म्हणाला, "मी मरंस्तोवर सांगंन, बरोबर हाय!" दुसऱ्या दिवशी परत मागं. "घट्ट हाय." पोरगी हेलपाट्यांनी रडकुंडीला आली हो! शेवटी संध्याकाळी दस्तगीरच्याच खोलीत ब्लॉक ठेवून गेली आणि सकाळी येऊन केरबासमोर उभी राहिली.

"केरबामामा, मी आता मधे बोलणार नाही. तुमच्या दोघांच्या रागात माझा ब्लॉक चाललाय! तुमचं माप, तुमचं गेज, घ्या आणि चला तिकडं."

"मी त्याच्या खोलीत पाय ठेवणार न्हाई."

"मग मी तो ब्लॉक भंगारात घालते. तुमच्यादेखत!"

मंडळी, माणूस रागीट असला तरी कामावर माया असते. गेज उचललं आणि इतक्या वर्षांनी तो मागच्या खोलीत शिरला. दस्तगीरनं तोंड भिंतीकडं फिरवलं. ब्लॉक रात्रभर तिथं गार पडलेला. केरबानं स्वतःचं गेज घातलं. बघतो तर — घट्ट! पुन्हा घातलं. घट्ट! स्वतःचाच हात, स्वतःचंच गेज, आणि माप दस्तगीरचं!

केरबानं ब्लॉकवर तळहात ठेवला. "दस्तगीर... मर्दा, हे गार हाय रं."

दस्तगीरनं मान वळवली. ब्लॉक उचलला, पुढं पत्र्याखाली नेऊन ठेवला. दोघं घाम पुसत, चहा पीत बसले. दुपार झाली. दस्तगीरनं आपलं गेज घातलं. मऊ आवाजात म्हणाला, "बरोबर येतंय. तुजं माप येतंय, केरबा."

अहो, उष्णतेनं धातू फुगतो, आणि अॅल्युमिनियम तर लोखंडाच्या दुप्पट! पत्र्याखाली भोक मोठं, कौलाखाली बारीक! आता तुम्ही म्हणाल, बुवा, एवढं त्यांना ठाऊक नव्हतं? ठाऊक नव्हतं कसं! स्लीव्ह बसवतातच मुळी तसं! ब्लॉक भट्टीत तापवायचा, म्हणजे भोक फुगतं. स्लीव्ह बर्फात ठेवायची, म्हणजे ती आकसते. ह्याच्यावरच तर पोट चाललेलं! पण समोरचा खोटा आहे असं एकदा ठरवलं, की माणूस स्वतःचं शहाणपणसुद्धा वापरत नाही. बघा पटतंय का!

मग काय, केरबानं सकाळच्या गारव्यात केसाच्या अंशाएवढं आणखी कापलं. भट्टी पेटली. ब्लॉक तापून बाहेर आला. बर्फातून पहिली स्लीव्ह काढली. आता क्षणाचा खेळ! उशीर झाला की मधेच अडकणार, आणि हातोडा तर मारायचाच नाही. केरबानं ब्लॉक धरला, दस्तगीरनं स्लीव्ह सरळ धरली. मधुरेनं डोळे मिटले. दस्तगीर म्हणाला, "सोडू?" केरबा म्हणाला, "सोड!" आणि मंडळी — सळ्ळकन खाली! एक, दुसरी, तिसरी, चौथी! ब्लॉक निवला. टक्क झालं नाही, काही नाही. पोरगी दोघांच्या पाया पडली. दस्तगीरनं तोंडावरून रुमाल फिरवला आणि म्हणाला, "घाम लई आला." घाम कसला!

संपली गोष्ट? नाही! केरबानं हात धुतले, म्हणाला, "चल."

"कुटं?"

"चौकात. गाड्यावर."

"आरं, झालं गेलं. हितंच मिटलं की."

"न्हाई दस्तगीर. तुला खोटारडा मी हितं न्हाई म्हणालो. तितं म्हणालो."

दोघं गेले. भर गर्दीत केरबा उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐका रं! दस्तगीर खोटं बोलत न्हवता. मी बोललो ते चूक बोललो." दस्तगीर म्हणाला, "मीबी." बस, एवढंच.

आणि आपण? शिवी भर चौकात देतो, आणि माफी? स्वयंपाकघरात, हळू आवाजात, तीसुद्धा दिली तर! बाई, तुम्ही म्हणता, सासू खोटं बोलते. तिच्या खोलीत जाऊन एक दुपार बसलात कधी? दादा, तुम्ही म्हणता, भाऊ उलटला. त्याच्या छपराखाली उभे राहिलात कधी? आपलंच गेज घेऊन जा, पण जा!

आता आरती करायची. पण मी करत नाही. टाळकरी, थांबा. ह्या मंडपात कुणीतरी कुणालातरी चारचौघांत खोटं म्हटलंय, आणि तो माणूससुद्धा इथंच बसलाय. मला घाई नाही. मी उभा आहे.

...हां. शेवटच्या रांगेत एक फेटा उठला. या आण्णा, या. सरका जरा, वाट द्या त्यांना. त्यांची बहीण बायकांच्या बाजूला बसलीय.