आजीचा समुद्र

शिवणक्लासच्या बाई लॅबमध्ये साखरेच्या रिपोर्टसाठी बसल्या होत्या. शेजारी एक आई आणि तिची दोन मुलं होती. आजीला घेऊन सगळे समुद्राच्या सहलीला निघणार होते, पण बोटीवर चढायचं तर आधी मुलांच्या नाकातला नमुना तपासणं सक्तीचं होतं.

“आई, काडी मेंदूपर्यंत जाते?”

“नाही गं, नुसत्या गुदगुल्या होतात. दादा बघ कसा गप्प बसलाय.”

“तो रडतोय.”

“काय रे राजा, दुखेल म्हणून घाबरलास?”

“नाही. काल मला खोकला येत होता. मी उशीत तोंड खुपसून खोकलो.”

“अरे, सांगायचं नाही का?”

“मी आजारी निघालो तर कुणालाच जाता येणार नाही. आजीने तर अजून समुद्रच बघितला नाहीये.”

आईने लगेच फोन लावून त्याच्या हातात दिला.

“आजी, माझ्यामुळे तुझा समुद्र हुकला तर?”

“हुकला तर हुकला मेला! तो काय कुठे पळून जातोय? तुझा घसा दुखतोय का, ते सांग आधी.”

“थोडासा.”

“मग लपवतोस कशाला, सोन्या?”

आतून नर्सने विचारलं, “पहिलं कोण येतंय?”

“मी,” दादा उठला. “आणि मला खोकलापण आहे.”

बाईंनी पाय आखडून घेतले आणि त्याला वाट करून दिली.