वाटणीच्या गोळ्या

"कंदील. शेवगा. मखमल. घोडा. पूल."

"नाना, मखमल घोड्यानंतर."

"अंबादास, घोडा मागं राहिला तरी चालतंय. डॉक्टर नुसतं आठवतंय का ते बघतेत."

संभाजीनगरच्या दवाखान्यात विसरण्याच्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. बाकावर माझ्या शेजारी सिल्लोडचे हे दोघे भाऊ. तेवढ्यात चाचणीवाल्या मंजुषा मॅडम आल्या.

"नानासाहेब, दोघांनी आपापल्या डब्यातल्याच गोळ्या घेतल्या ना?"

"एकाच्या डब्यात औषध अन् दुसऱ्याच्या डब्यात साध्या गोळ्या असू शकतेत, असं तुम्हीच म्हणला होता."

"हो. कुणाला काय मिळालं ते आम्हालाही ठाऊक नसतं."

"म्हणून दोन्ही डबे परातीत ओतले. गोळ्या कालवल्या. निम्म्या त्याला, निम्म्या मला."

"परातीत?"

"शेताची वाटणी बी अशीच सारखी केली होती, मॅडम."

"अहो, आता औषध लागू पडलं की नाही, हे कळणार कसं? तुम्हाला चाचणीतून काढावं लागेल."

"म्हंजे औषध बंद? दोघांचं?"

"दोघांचं."

"मग ठीक. माझं एकट्याचं चालू राहिलं असतं अन् हा विसरला असता, तर मी भांडायचं कुणाशी?"

"नाना, शब्द राहिले. मॅडम, शब्द तरी ऐका, पाठ करून आलोत."

"ते मागच्या वेळचे होते, काका."

"मग तर लईच आठवतंय की!"

मॅडम येण्याआधी नाना मला सांगत होते, त्यांच्या आईनं शेवटच्या वर्षी दोघांनाही ओळखलं नाही.