वस्तादांनी बघितलेला ऑलिंपिकचा समारोप

समारोप सोहळ्याचं नाव माझ्यापुढं काढू नका. तालमीत नवा रंगीत टीव्ही आलता, तेव्हा मी ऑलिंपिकचा समारोप बघितलाय, वस्तादांच्या शेजारी बसून. तिकडं रात्र, आपल्याकडं दुपार.

त्याच दिवशी मलकापूरला कुस्त्यांचं मैदान होतं. आम्ही पिशव्या भरून निघालो, तर वस्ताद दारात आडवे.

"कुठं निघालाय? आज ऑलिंपिकचा शेवट हाय. एक नंबरची कुस्ती शेवटालाच लावत्यात, एवढं पण कळंना व्हय?"

आपल्या मैदानात तसंच असतं, म्हणून आम्हालाही पटलं. बसलो की सगळे!

टीव्हीवर गाणी झाली, नाच झाला, मग कुणीतरी इंग्रजीत लांबलचक भाषण ठोकलं. "आता मॅट हातरतील बघा," असं वस्ताद तीनदा म्हणाले.

शेवटी मीच धीर केला. "वस्ताद, कुस्त्या कवाच संपल्या. ह्यो नुसता निरोपाचा कार्यक्रम हाय."

तेवढ्यात आपला तिरंगा आला. वस्ताद ताडकन उभे राहिले. झेंड्यामागनं कोट घातलेली चार-पाच ढेरपोटी माणसं हात हलवत आली.

वस्तादांनी डोळे बारीक केले. "ही कुठल्या वजनगटात खेळली रं?"

"खेळली न्हाईत, वस्ताद. पदाधिकारी हाईत."

"आन् खेळलेली पोरं?"

"दिसत न्हाईत."

वस्तादांनी टीव्ही बंद केला. "उचला पिशव्या. मलकापूरची शेवटची कुस्ती अजून गावंल. तिथं कमिटीची पोटं निदान आखाड्याच्या भायेर तरी बसत्यात!"